‘फेर ओढणे’ म्हणजे नक्की काय?

औसेकर:
आमच्या औसा-निलंगा पट्ट्यात कुणी जमीन घेतली की चार माणसं एकच विचारतात, “फेर वढला का?” पुण्यात वाढलेला भाचा हे ऐकून दचकला. त्याच्या लेखी फेरफार म्हणजे हिशोबातली लबाडी. महसुलातला अर्थ वेगळा कसा? आणि फेर ‘ओढतात’ का?

परभणीकर:
भाच्याचा अर्थ वर्तमानपत्री. महसुलात फेरफार म्हणजे नुसता बदल, त्यात पाप नाही. खरेदी, वारस, बक्षीसपत्र, बँकेचा बोजा, काहीही असो. आधी गाव नमुना ६ मध्ये (फेरफार नोंदवहीत) नोंद, तिथून सातबाऱ्यावर. बोलताना ‘फार’ गळून पडतो. ओढण्याचं म्हणाल तर रेघ ओढतो तसंच असावं, ‘नोंद ओढली’ असंही म्हणतातच की.

नांदेडकर:
व्युत्पत्ती राहू द्या, मला या ‘ओढला’चीच धास्ती वाटते. फेर ओढला म्हणजे तलाठ्याने नोंद धरली, बस. (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणायलंय?) पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५०: चावडीवर प्रत लावायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीला १५ दिवस. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार. हरकत आली तर ती विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी लागते. मधल्या काळात घेणारा पेढे वाटून मोकळा! म्हणून विचारायचं ते “फेर मंजूर झाला का?” असं.
आणि मंजूर फेरानेही मालकी जन्माला येत नाही. ती येते खरेदीखतातून, वारसाहक्कातून. कलम १५७ प्रमाणे नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच.

औसेकर:
म्हणजे “सातबारा माझ्या नावावर आहे” हे भांडणातलं शेवटचं वाक्य नव्हे तर!

नांदेडकर:
दिवाणी कोर्टात तर नव्हेच.

लातूरकर:
आपल्या मराठवाड्यातला आणखी एक शब्द: खासरा, म्हणजे जमीन कुणाची, कोण कसतं याची जुनी सरकारी नोंद. जुन्या जमिनीचा वाद निघाला की वकील आधी १९५४-५५ चं खासरा पत्रक मागतो. तेव्हा आपण हैदराबाद राज्यात होतो, मुंबई राज्यात आलो १९५६ ला. साताऱ्याकडच्या पाहुण्याला खासरा म्हटलं तर तो तोंडाकडे बघत बसतो. हातानं लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर कमी केलेल्या नावाला कंस करायचे. त्यावरून “त्याच्या नावाला कंस झाला” असं अजून बोलतात. तो कंस कोणत्या फेराने झाला, हा आकडा शोधल्याशिवाय जुना सातबारा वाचता येत नाही.

बीडकर:
खातेफोड राहिली. वाटणी आणि खातेफोड लोक एकच समजतात. भावाभावांनी बांध घातला, जो तो आपापलं रान कसतो, ही झाली वाटणी. सातबाऱ्यावर मात्र नावं सामाईकच. मग पीककर्जाला गेलं की बँक म्हणते सगळ्या भावांच्या सह्या आणा, आणि त्यातला एक नेमका रुसलेला असतो. सातबाऱ्यावरही प्रत्येकाचा हिस्सा वेगळा करणं ही खातेफोड. ती त्याच संहितेच्या कलम ८५ प्रमाणे होते: सगळ्या सहधारकांनी मिळून तहसीलदाराकडे अर्ज करायचा, आदेश झाला की त्यावरून फेर. एखादा सही द्यायला तयार नसेल तर दिवाणी दावा. म्हणून भाऊ बोलत आहेत तोवर अर्ज देऊन टाका.