नानांची शेड: जांभळाखाली की स्कूटरच्या ओट्यावर?

नाना, तळमजला २
नमस्कार मंडळी. सोसायटीच्या सभेच्या आधीच ग्रुपवर सगळ्यांच्या कानावर घालतो. मागच्या अंगणात जांभळाच्या बाजूला १० बाय ८ फुटांची एक शेड उभारावी असं माझ्या फार मनात आहे. गाडीसाठी नाही, अडगळीसाठी तर नाहीच. हत्यारं ठेवायला आणि काम करायला. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं डब्यांचं सुतारकाम केलं. रंधे, पटाश्या, भोकं पाडायची गिरमिटं सगळं पलंगाखाली दोन ट्रंकांत पडून आहे. आपल्याकडे खुर्चीचा पाय निखळला की खुर्ची भंगारात जाते, कारण ती आडवी टाकून ठोकायला कुणाच्याच घरात जागा नाही. शेड सगळ्यांची, किल्ली वॉचमनकडे. लोखंड आणि पत्र्याचा खर्च मी करतो.

अमेय, ४०३
नाना, मी आहे सोबत. मला एक साधं बुकशेल्फ करायचंय, दोन वर्षं नुसतं ठरवतोय 🙏

सुषमाताई, १०२
नाना, तुमच्याबद्दल आदर आहेच, पण माझ्या बेडरूमची खिडकी बरोबर त्याच्यावर येते. धाकटीची यंदा बारावी. करवतीचा आवाज, त्यात पत्र्यावर चार महिने पाऊस वाजणार. ते मला नाही चालायचं.

सेक्रेटरी
नाना, हेतू चांगलाच आहे. पण मागची जागा तुमच्या दाराला लागून असली तरी ती सोसायटीची आहे आणि मंजूर नकाशात मोकळी सोडलेली आहे. परवानगीशिवाय तिथे काही उभं केलं तर महापालिका अधिनियमाच्या कलम ३५१ ची नोटीस येऊ शकते. उद्या पुनर्विकासाला गेलो की तेच प्रकरण आडवं येईल. शिवाय अग्निशमन दलाला मागून शिरायची वाट मोकळी हवी. आधी सभेचा ठराव, मग आर्किटेक्ट, मग परवानगी. त्याआधी एक खिळाही नको.

नाना, तळमजला २
सेक्रेटरीसाहेब, अगदी मान्य. लपूनछपून करायचं असतं तर ग्रुपवर लिहिलं नसतं.

सुषमाताई, तुमचं म्हणणं रास्त आहे. पत्र्याखाली फोमचा थर चिकटवून मिळतो, त्याने पावसाचा आवाज बराच दबतो. उन्हाळ्यात पत्रा तापतो त्यालाही तोच उपाय. कामाची वेळ सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ४ ते ६. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे, म्हणून ग्राइंडर आणि कटर मशीन शेडमध्ये आणायचंच नाही. हातकरवत आणि रंधा एवढंच. आणि तुमच्या लेकीची परीक्षा संपेपर्यंत शेडला कुलूप. हे मी लिहून देतो.

महेश, ३०४
माझ्या मेहुण्याच्या गोदामात जुने सिमेंटचे पत्रे आहेत. ८-१० निघतील, फुकट. टेम्पोचं भाडं तेवढं द्यायचं.

नाना, तळमजला २
महेश, मनापासून सांगतो, ते पत्रे आणू नकोस. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. पत्रा कापला, भोक पाडलं, की त्याची धूळ उडते आणि ती फुप्फुसात जाऊन बसते. आजार २०-३० वर्षांनी वर येतो, कॅन्सरसुद्धा होतो. ज्या जागेत मुलं येऊन शिकावीत अशी माझी इच्छा आहे, तिच्या डोक्यावर ते नको. आपण रंगीत गॅल्व्हल्यूमचा, म्हणजे जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा घेऊ, अर्धा मिलिमीटर जाडीचा.

महेश, ३०४
हे ठाऊक नव्हतं. मेहुण्यालाही कळवतो.

अमेय, ४०३
नाना, सांगाडा लाकडाचा की लोखंडाचा?

नाना, तळमजला २
माझा जीव लाकडात आहे, पण मुंबईत जमिनीला टेकलेलं लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रण. सांगाडा लोखंडी. दोन बाय दोन इंचाचे चौकोनी पाइप, आधी गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचे दोन हात, मग ऑइल पेंट. वेल्डिंग फक्त खाली प्लेटपाशी, बाकी सगळं नट-बोल्टचं, म्हणजे उद्या सोसायटीला जागा हवी झाली तर एका दिवसात उकलून ठेवता येईल. प्रत्येक खांबाच्या तळाला ६ इंची प्लेट आणि चार अँकर बोल्ट. इथे कंजुषी नाही करायची. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं त्या दिवशी समोरच्या वाडीतला पत्रा उडून आपल्या कंपाउंडात पडला होता, आठवतं ना? तो पत्रा चांगला जाड होता, पण खाली धरून ठेवणारं काहीच नव्हतं.

आता छप्पर. एका बाजूला उतार, दर ६ फुटांना १ फूट. शेड पुढून मागे ८ फूट, म्हणजे १६ इंचांचा फरक. मागची बाजू ७ फूट उंच, पुढची ८ फूट ४ इंच. पाऊस आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून दार पूर्वेला. पत्रा चारी बाजूंनी बाहेर काढला की छपराचं क्षेत्रफळ साधारण १० चौरस मीटर होतं. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर तेवढ्या पत्र्यावरून १,००० लिटर पाणी उतरतं. ते सुटं सोडलं तर पायाशी डबकं. म्हणून पन्हळ आणि खाली पिंप, ते पाणी कुंड्यांना.

जमिनीला ४ इंचांचं काँक्रीट, सिमेंट-वाळू-खडी १:२:४, सिमेंटच्या ५ गोणी लागतील.

परब भाऊ, २०१
नाना, विजेचं माझ्याकडे द्या. पंपाच्या खोलीतून वायर ओढायची नाही. स्वतंत्र १६ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडतो), त्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडतो) आणि अर्थिंग. ओल्या जमिनीवर उभं राहून माणूस प्लग लावतो, तेव्हा जीव वाचवतो तो आरसीसीबीच. माल लोहार चाळीतल्या विजेच्या बाजारातून मी स्वतः आणेन. फक्त एक अट, भुसा रोजच्या रोज काढायचा आणि थिनर, टर्पेंटाइन शेडमध्ये ठेवायचं नाही.

नाना, तळमजला २
परब भाऊ, आभार. दोन्ही अटी मंजूर.

सेक्रेटरी
आत्ता वॉचमनदादांशी बोललो. ते ग्रुपवर नाहीत म्हणून त्यांचं म्हणणं मी लिहितो. ते म्हणतात जांभळाखाली करू नका. गच्चीचा पाइप तिथेच उतरतो आणि जोराचा पाऊस लागला की रात्री दोन-तीनच्या सुमाराला भिंतीच्या खालून पलीकडचं पाणी आत येतं. सकाळी सगळे उठेपर्यंत ते ओसरलेलं असतं, म्हणून कुणाला दिसत नाही. त्यांनी भिंतीवर विटेने खुणा करून ठेवल्यात. मी आत्ता टॉर्च घेऊन पाहून आलो. पाच खुणा आहेत, सगळ्यात वरची माझ्या गुडघ्याच्या जरा खाली येते.

सुषमाताई, १०२
अगं बाई! आणि आपण दरवर्षी म्हणतो मागे शेवाळ कुठून येतं.

नाना, तळमजला २
मीही जाऊन बघून आलो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री माझी एक ट्रंक खालीच राहिली होती. सागवानी मुठीचा रंधा फुगून फुटला आणि पटाश्यांवर असा गंज चढला की दोन तर टाकूनच द्याव्या लागल्या. ते इतकं लक्षात असूनही जागा निवडताना मी सावली बघितली, पाणी बघितलं नाही. वॉचमनदादांचे मी उद्या समोर जाऊन आभार मानतो.

दुसरं म्हणजे जांभळाच्या बुंध्याशी सिमेंट ओतलं असतं तर मुळांना पाणीच मिळालं नसतं. हेही माझ्या ध्यानात यायला हवं होतं. ती जागा मी सोडली.

अमेय, ४०३
मग जिन्यामागचा जुना स्कूटर स्टँड? आता तिथे दोन मोडक्या सायकली आणि कुणाचा तरी गाद्यांचा ढिगारा आहे.

सेक्रेटरी
नकाशाची फाइल उघडून बसलोय. मंजूर नकाशात तिथे स्कूटर शेड दाखवलेली आहे, १२ बाय ९. वरचं छप्पर कधीच पडलं, ओटा शाबूत आहे. वापर बदलतोय म्हणून आर्किटेक्टचं मत आणि परवानगी घ्यावीच लागेल, पण मोकळ्या जागेत नवीन काही उभं करण्यापेक्षा हे बोलणं सोपं आहे. आणि तो कोपरा मागच्या वाटेत येत नाही.

नाना, तळमजला २
मोजून आलो. ओटा जमिनीपासून ९ इंच वर आहे. पाणसळ (पातळी बघायचं हत्यार) ठेवून पाहिली, ओट्याला पुढे किंचित उतारही आहे. विटेची सगळ्यात वरची खूण दोरी ताणून इथपर्यंत आणली तर ती ओट्याच्या २ इंच खाली राहते. मला आणखी ६ इंच हवेत, म्हणून कामाचं टेबल आणि हत्यारांची कपाटं जमिनीला न टेकवता भिंतीच्या पाइपांना टांगायची. टेबलाची फळी १९ मिलिमीटरच्या मरीन प्लायची (पाण्याला टिकणाऱ्या प्लायवुडची), आयएस ७१० हा मानकाचा छाप बघून घेतलेली. उंची माझ्या मनगटाएवढी, ३४ इंच. मुलांसाठी खाली एक लाकडी पाट ठेवू.

काँक्रीटच्या ५ गोणी वाचल्या. त्या पैशांत दोन चांगल्या करवती येतील, नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात जाऊन मी हाताळून घेईन.

सुषमाताई, १०२
तिथून माझी खिडकी लांब पडते. पण जिन्यातून आवाज वर चढतो, म्हणून दार जिन्याकडे नको. एवढं कराल ना?

नाना, तळमजला २
दार पूर्वेलाच, कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून. जिन्याच्या बाजूची भिंत पूर्ण बंद. फक्त छपराखाली हातभर जाळी, नाहीतर आतली दमट हवा बाहेर पडत नाही आणि हत्यारं गंजतात.

सुषमाताई, १०२
मग माझी हरकत नाही. सभेत हात वर करीन.

महेश, ३०४
गाद्या आमच्या आहेत 🙏 शनिवारपर्यंत उचलतो.

सेक्रेटरी
आर्किटेक्ट मंगळवारी संध्याकाळी येतायत. त्यांना देण्यासाठी एक कच्चा नकाशा आणि मोजमापं तयार ठेवा.

नाना, तळमजला २
रविवारी सकाळी ८ ला ओट्यावर आखणी करून घेतो. अमेय, तू ये. सुती दोरी, चार खिळे, चुन्याची पुडी. एका कोपऱ्यापासून एका दोरीवर ६ फूट, दुसरीवर ८ फूट मोजायचं, त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर १० फूट भरलं की कोपरा काटकोनात. चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण ताणून बघायचे. १० बाय ८ ला कर्ण १२ फूट ९ इंच ५ सूत यायला हवा, आणि दोन्ही सारखेच.

अमेय, ४०३
येतो नाना. सूत म्हणजे किती?

नाना, तळमजला २
इंचाचा आठवा भाग. माझी वर्कशॉपची स्टीलची पट्टी आणतो, तिच्यावर दाखवतो.