भाऊबंद ग्रुप : पप्पूने टोकन दिलं

नाना (जळगाव): सुप्रभात 🙏 सर्वांच्या माहितीसाठी. आमच्या चिरंजीवांनी पिंप्राळ्याच्या पुढे रो-हाऊस पसंत करून परस्पर 51,000 टोकन दिलं. बापाला काल रात्री साडेदहाला कळलं. तिथे सोसायटी नाही, काही नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया बोलावं.

शोभाकाकू: अभिनंदन पप्पू 🎉🎉 पेढे कधी?

नाना (जळगाव): शोभा, वर वाच.

आप्पा तलाठी: ओपन स्पेसचा सातबारा काढा. कोणाच्या नावावर आहे ते पाहा. बाकी नंतर.

पप्पू पुणे: नाना, ग्रुपवर कशाला? सोसायटी नाही म्हणूनच तर घेतोय. इथे महिन्याला 4,200 मेंटेनन्स. बाल्कनीत गोधडी वाळत घातली की नोटीस. डिसेंबरात तुम्ही आलात तेव्हा गेटवर 20 मिनिटं उभं केलं होतं. वॉचमन भरिताचा डबा हुंगून विचारत होता, ‘क्या है इसमें’. विसरलात?

नाना (जळगाव): वॉचमन होता म्हणून विचारलं. इथे कोण विचारणार आहे?

जिभाऊ धुळे: टोकन दिधं ना? मंग आते कसाले इचारस 😂

मंगलताई: पप्पू, माझं ऐक. आमच्या कॉलनीतही सोसायटी नाही. 11 वर्षं झाली. 22 घरं, एक बोअर. मे महिन्यात मोटर जळाली. वाइंडिंग, केबल, पाइप वर काढून परत सोडायचे, सगळे मिळून 18,500. त्या उन्हात दारोदार मी फिरले. 13 जणांनी दिले. चौघं म्हणाले, आमचं नळावर भागतं. एकाने विचारलं, पावती कोण देणार? त्याचं काही चूक नव्हतं, पावतीवर सही तरी कोणाची करणार? उरलेल्यांनी दारच उघडलं नाही, आतून टीव्हीचा आवाज येत होता. मोटर सुरू झाली, पाणी मात्र 22 घरांना.

शोभाकाकू: त्या नळवाल्या चौघांत आमचे भाचेजावईपण धरलेत का ताई 🙈

मंगलताई: मी कोणाचं नाव घेतलेलं नाही.

शोभाकाकू: नाही, सहज विचारलं हो.

आप्पा तलाठी: ओपन स्पेसचा सातबारा.

बंटी नाशिक: सोसायटी नाही म्हणजे होणारच नाही असं नाही. आधी 10 जण लागायचे. 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 5 जण किंवा 51 टक्के घरं, यातलं जे जास्त असेल ते. पप्पू, घरं किती?

पप्पू पुणे: 14.

बंटी नाशिक: मग 8 जण तयार झाले की झालं. पण आधी रेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर पाठव. नोंदणी असली तर ताबा घेतल्यापासून 5 वर्षं बांधकामातल्या दोषाला बिल्डर बांधील. नसली तर तू आणि तुझी भिंत.

पप्पू पुणे: तो म्हणाला दोन फेज आहेत, 7 आणि 7. आठच्या आत असलं की रेरा लागत नाही.

बंटी नाशिक: कायद्यात सगळे टप्पे धरून आठ म्हटलंय. चांगला गोड बोलतो वाटतं.

जिभाऊ धुळे: 7-7 करायचं आपल्याला काय नवीन आहे. विहिरीची पाळी अशीच वाटली होती ना.

नाना (जळगाव): जिभाऊ, 2014 काढू नका.

जिभाऊ धुळे: मी कुठे काढलं? मी फक्त विहीर म्हणालो.

आबा: 👍

नाना (जळगाव): आबा, तुम्ही हे नेमकं कशाला दिलं?

शोभाकाकू: जाऊ द्या ना. पप्पू, घर सुनबाईच्या नावावर घे, मुद्रांकात 1 टक्का सूट आहे बायकांना.

सून (पप्पू): काकू, मी ग्रुपमध्येच आहे 😅

जिभाऊ धुळे: मग मेंटेनन्सही तीच वसूल करेल.

आप्पा तलाठी: ओपन स्पेसचा सातबारा. तिसऱ्यांदा लिहितोय.

पप्पू पुणे: आप्पा, ओपन स्पेसमध्ये तो मंदिर आणि गार्डन करून देणार आहे. ब्रोशरमध्ये झोपाळेपण आहेत.

बंटी नाशिक: आप्पा, शहरात आता प्रॉपर्टी कार्ड असतं.

आप्पा तलाठी: सिटी सर्व्हे झाला तिथे कार्ड, नाही तिथे सातबारा. मला शिकवू नको. 31 वर्षं फेरफार लिहिले. लेआउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी सोडतात. प्लॉट विकून होतात, मोकळी जागा आणि आतले रस्ते कितीदा मूळ मालकाच्याच नावावर राहतात. कोणी बघत नाही. म्हातारा जातो, वारस लागतात, आणि एक दिवस पोरं येऊन त्या जागेला तारेचं कुंपण घालतात. बिल्डरचा फोन तेव्हा बंद असतो. त्या वेळी 14 घरांच्या वतीने अर्ज करायला सोसायटी लागते. एकट्यादुकट्याच्या अर्जाला टेबलावर कोण विचारतं हे मला माहीत आहे. मीच विचारत नव्हतो.

शोभाकाकू: 🙏

पप्पू पुणे: ऑनलाइन मिळतो का?

आप्पा तलाठी: डिजिटल सहीचा 15 रुपयांत. 51,000 देण्याआधी काढायचा असतो.

मंगलताई: आप्पा, आमच्या कॉलनीचापण बघाल का हो?

आप्पा तलाठी: गट नंबर पाठव.

नाना (जळगाव): पप्पू, दुपार झाली.

पप्पू पुणे: मीटिंगमध्ये होतो. काढला. ओपन स्पेसवर पाच नावं आहेत. बिल्डरचं त्यात नाही. फेरफार याच मार्चचा.

आप्पा तलाठी: वारस लागले.

जिभाऊ धुळे: झोपाळा बसना 😐

नाना (जळगाव): टोकनची पावती तरी आहे ना?

पप्पू पुणे: आहे. व्हिजिटिंग कार्डच्या मागे लिहून दिलंय.

नाना (जळगाव): सही?

पप्पू पुणे: बघून सांगतो.

शोभाकाकू: पेढे राहू द्या मग. रविवारी आमच्याकडे भरीत ठेवते, सगळे या. भाचेजावईपण येताहेत.

मंगलताई: येते. पावतीपुस्तक घेऊनच येते.