वजनकाट्याचं विनफॉर्म्स ॲप: ग्रिडवर लाल फुली, बंद करताना हँग, आणि 'एरर क्रिएटिंग विंडो हँडल'

काटा_प्रोजेक्ट:

नमस्कार मंडळी. सी शार्पमधलं एक विनफॉर्म्स (विंडोजच्या खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम बनवायची मायक्रोसॉफ्टची लायब्ररी) ॲप्लिकेशन माझ्याकडे देखभालीला आलंय. डॉट नेट फ्रेमवर्क ४.८. मूळ लिहिणारे आता संपर्कात नाहीत.

काम तसं सरळ आहे. इलेक्ट्रॉनिक काटा सीरियल पोर्टला जोडलेला असतो. येणारं वजन वर मोठ्या लेबलवर दिसतं आणि ते स्थिर झालं की नोंद आपोआप खालच्या डेटाग्रिडव्ह्यूमध्ये जाते. बाजूच्या पॅनलवर मालाची बटणं आहेत. वरून गट बदलला की पॅनल रिकामं करून नव्या गटाची बटणं तयार केली जातात, एका गटात साधारण चाळीस.

अडचणी अशा:

मधूनच ग्रिड गायब होतो. त्या जागी पांढरा चौकोन आणि त्यावर लाल फुली. बाकीचं ॲप चालू राहतं, पण ग्रिड परत येत नाही.

ॲप बंद करताना कधीकधी खिडकी गोठते. शीर्षकात 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं आणि टास्क मॅनेजरमधूनच मारावं लागतं. काट्यावर काही नसेल तर सहसा नीट बंद होतं, वजन येत असताना बंद केलं की अडकतं.

आणि बराच वेळ चाललं की 'एरर क्रिएटिंग विंडो हँडल' असा एरर येऊन सगळंच बसतं (हँडल म्हणजे विंडोजने प्रत्येक खिडकीला किंवा बटणाला दिलेली ओळख).

शिवाय एका मशीनवर वजन शंभरपट दिसतं, १२.५० चं १२५०. तिथे काटा तोच, केबलही तीच.

कोड थोडक्यात: डेटारिसीव्हड हँडलरमध्ये (पोर्टवर मजकूर आला की चालणारा कोड) रीडएक्झिस्टिंगने मजकूर वाचतात, डबल डॉट पार्सने आकडा करतात, धिस डॉट इन्व्होकने लेबल बदलतात आणि त्याच हँडलरमध्ये पुढच्या ओळीला डेटाटेबलमध्ये (ग्रिडमागचा मेमरीतला तक्ता) रो टाकतात. फॉर्मक्लोजिंगमध्ये पोर्ट डॉट क्लोज. मेनमध्ये 'चेकफॉरइल्लीगलक्रॉसथ्रेडकॉल्स' फॉल्स केलेलं आहे (म्हणजे चुकीच्या थ्रेडने कंट्रोलला हात लावला तर पकडणारी तपासणी बंद), आणि ॲप्लिकेशन डॉट थ्रेडएक्सेप्शनला (न पकडलेल्या चुका जिथे येतात तिथे) एक हँडलर लावलाय, तो रिकामा आहे.

कुठून सुरुवात करू?

झटपट_उपाय:

क्लोजच्या आधी ॲप्लिकेशन डॉट डूइव्हेंट्स टाकून बघा. आमच्या प्रोजेक्टमध्ये हँग तेवढ्याने कमी झाला होता. फुलीसाठी ग्रिड डॉट रिफ्रेश करून पाहा.

मेसेजलूप:

डूइव्हेंट्स टाकू नका, कळकळीने सांगतो. त्याने हँग कमी होतो हे खरं, आणि नेमकं तेच वाईट, कारण मग तो तुमच्यासमोर कधी येत नाही, फक्त वापरणाऱ्यासमोर येतो. शिवाय डूइव्हेंट्स रांगेत थांबलेले सगळे मेसेज तिथल्या तिथे चालवतो. त्यात 'बंद करा'वरचा दुसरा क्लिकही आला. म्हणजे क्लोजिंगचा कोड संपायच्या आत तोच कोड पुन्हा सुरू होऊ शकतो.

तुमच्या तक्रारी एकाच रोगाच्या नाहीत, म्हणून एकेक घेतो. आधी हँग, कारण त्याचा पुरावा डोळ्यांनी बघता येतो.

विंडोजच्या प्रत्येक खिडकीमागे एक थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा स्वतंत्र धागा) असतो आणि तो रांगेतून मेसेज उचलून वाटत बसलेला असतो. ५ सेकंद त्याने रांगेकडे पाहिलंच नाही की विंडोज त्या खिडकीला 'नॉट रिस्पॉन्डिंग' ठरवतं. तेव्हा एकच प्रश्न विचारायचा: या क्षणी हा थ्रेड कुठे थांबलाय? ॲप गोठलेलं असतानाच व्हिज्युअल स्टुडिओतून 'अटॅच टू प्रोसेस' करा, 'ब्रेक ऑल' दाबा, थ्रेड्सच्या खिडकीत मेन थ्रेड निवडा आणि कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी) वाचा. माझा अंदाज, तिथे सीरियलपोर्टचं क्लोज दिसेल. मग दुसऱ्या एखाद्या थ्रेडचा स्टॅक बघा, त्यात तुमचा डेटारिसीव्हड आणि त्याच्या वर कंट्रोल डॉट इन्व्होक दिसेल.

घडतं ते असं. डेटारिसीव्हड हा इव्हेंट यूआय थ्रेडवर (खिडकी सांभाळणाऱ्या मेन थ्रेडवर) येत नाही, दुसऱ्या थ्रेडवर येतो. इन्व्होक म्हणजे 'यूआय थ्रेडने माझं काम करेपर्यंत मी इथेच थांबतो'. तिकडे यूआय थ्रेड क्लोजमध्ये शिरलाय आणि क्लोज म्हणतं, 'चालू असलेला हँडलर संपेपर्यंत मी थांबतो'. दोघंही एकमेकांची वाट बघत बसले. काटा रिकामा असताना हँडलर चालतच नाही, म्हणून तेव्हा ॲप सुखाने बंद होतं. तुमचं निरीक्षण अचूक होतं, उत्तर त्यातच आहे.

उपाय: इन्व्होकच्या जागी बिगिनइन्व्होक. तो मेसेज रांगेत टाकतो आणि न थांबता परत येतो. आणि फॉर्मक्लोजिंगमध्ये क्रम असा ठेवा: आधी डेटारिसीव्हडमधून हँडलर काढा, मग पोर्ट बंद करा. बिगिनइन्व्होकने पाठवलेलं काम खिडकी गेल्यावरही पोचू शकतं, म्हणून त्या कामाच्या पहिल्याच ओळीत इझडिस्पोज्ड (खिडकी नष्ट झालीय का) तपासा.

लेबलसाठी मी तर बिगिनइन्व्होकही वापरणार नाही. काटा सेकंदाला अनेकदा वजन पाठवतो, माणसाच्या डोळ्याला इतकं लागत नाही. हँडलरने शेवटचं वजन एका फील्डमध्ये ठेवावं आणि फॉर्मवरच्या विंडोज फॉर्म्स टायमरने दर १०० मिलिसेकंदांनी ते उचलून दाखवावं. फक्त त्या फील्डभोवती लॉक लावा, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड त्याला हात लावेल. डबल ६४ बिटांचा असतो, ३२ बिट प्रोसेसमध्ये तो अर्धा जुना अर्धा नवा वाचला जाऊ शकतो, आणि सी शार्प डबलला व्होलटाइल करू देत नाही. स्थिर वजनाची नोंद मात्र बिगिनइन्व्होकनेच पाठवा, ती एकही चुकून चालणार नाही.

आता लाल फुली. एखाद्या कंट्रोलच्या पेंटमध्ये (स्वतःला रंगवण्याच्या कोडमध्ये) एक्सेप्शन (चालताना आलेली चूक) उडालं की विनफॉर्म्स तसा शिक्का त्या कंट्रोलवर मारून ठेवतं आणि पुढे प्रत्येक वेळी चित्राऐवजी फुली काढतं. म्हणून रिफ्रेशने ती जात नाही. तुमच्याकडे ग्रिड स्वतःला रंगवत असतानाच दुसरा थ्रेड त्याच डेटाटेबलमध्ये रो घुसवतोय. डेटाटेबल एकाच वेळी अनेक थ्रेडनी लिहिण्यासाठी बनवलेला नाही, आणि त्याच्या बदलाच्या सूचनाही ज्या थ्रेडने बदल केला त्याच थ्रेडवर ग्रिडकडे जातात. रो टाकण्याची ओळ बिगिनइन्व्होकच्या आत न्या, फुली थांबेल.

पण त्याआधी मेनमधली ती फॉल्सची ओळ काढा आणि थ्रेडएक्सेप्शनच्या हँडलरमध्ये निदान एक्सेप्शनचा पूर्ण टूस्ट्रिंग फाइलमध्ये लिहा. पेंटमधलं एक्सेप्शन त्याच हँडलरकडे आलं होतं, पूर्ण स्टॅकसकट, आणि तिथे कोणी ते वाचलंच नाही. मला या दोन गोष्टींचा मनापासून राग येतो, कारण देखभाल करणाऱ्याच्या हातातला एकमेव दिवा त्यांनी विझवलेला असतो. लक्षात घ्या, क्रॉसथ्रेडची ती तपासणी मुळात डीबगर जोडलेला असतानाच आपोआप चालू असते. डीबगरशिवाय चूक तशीच पुढे जाते आणि मग कधी फुली, कधी गोठणं. डीबगरमध्येही ती बंद केली तर पकडायची कुठे?

विंडो हँडलबद्दल: टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये कॉलमच्या शीर्षकावर राइट क्लिक करून 'यूझर ऑब्जेक्ट्स' (खिडक्या, बटणं वगैरे) आणि 'जीडीआय ऑब्जेक्ट्स' (ब्रश, फॉन्ट अशी रंगवायची साधनं) हे कॉलम लावा. मग गट बदलत राहा आणि आकडा बघा. पॅनल कसं रिकामं करताय ती ओळ इथे टाका, पुढचं मग सांगतो.

दशांश_चिन्ह:

शंभरपटीचं मी सांगतो. त्या मशीनच्या रीजन सेटिंगमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम असणार. जर्मन सेटिंग लावून बघा: तिथे टिंब हे हजारांचं विभाजक चिन्ह आहे, म्हणून डबल डॉट पार्स '१२.५०' मधलं टिंब सोडून देतो आणि १२५० परत करतो. एररसुद्धा येत नाही. काट्याचा फॉरमॅट मशीनच्या सेटिंगप्रमाणे बदलत नसतो, तेव्हा पार्सला कल्चरइन्फो डॉट इन्व्हेरियंटकल्चर (मशीनच्या सेटिंगवर न अवलंबणारे, टिंबाला दशांश मानणारे नियम) द्या. जिथे यंत्राकडून किंवा फाइलमधून आकडा येतो तिथे सगळीकडे हेच करा. माणसाने टाइप केलेल्या आकड्याला मात्र त्याच्या मशीनचंच कल्चर राहू द्या.

आणि रीडएक्झिस्टिंग पूर्ण ओळ देईलच असं नाही. एका वेळी '१२.' आणि पुढच्या वेळी '५०' असंही येतं. स्ट्रिंगबिल्डरमध्ये साठवत जा आणि ओळ संपल्याचं चिन्ह आलं की तेवढाच तुकडा पार्स करा.

काटा_प्रोजेक्ट:

मेसेजलूप, स्टॅक तुम्ही म्हणालात तसाच निघाला. मेन थ्रेड क्लोजमध्ये, दुसरा इन्व्होकमध्ये. बदल केला, वजन चालू असताना मुद्दाम पुन्हा पुन्हा बंद करून पाहिलं, अडकलं नाही. रो टाकणंही आत नेलं. कल्चरचंही बरोबर होतं, तिथे दशांशाला स्वल्पविरामच होता.

पॅनलसाठी 'पॅनल डॉट कंट्रोल्स डॉट क्लिअर' एवढीच ओळ आहे. गट बदलला की यूझर ऑब्जेक्ट्स दर वेळी चाळीसच्या आसपास वाढतात आणि खाली येत नाहीत. गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारी यंत्रणा) ती बटणं का उचलत नाही?

मेसेजलूप:

कारण क्लिअर बटणांना पॅनलमधून काढतं, नष्ट करत नाही. हँडल असलेलं बटण पॅनलमधून निघालं की विनफॉर्म्स त्याला एका अदृश्य 'पार्किंग विंडो'खाली नेऊन ठेवतं. हँडल जिवंत, म्हणून बटणही जिवंत, कलेक्टरच्या दृष्टीने ते वापरातच आहे. एका प्रोसेसला मूळ सेटिंगमध्ये १०,००० यूझर ऑब्जेक्ट्स मिळतात. चाळीसच्या हिशेबाने अडीचशे वेळा गट बदलला की कोटा संपला. रजिस्ट्रीत हा कोटा वाढवता येतो, पण तसं करू नका, एरर फक्त उशिरा येईल.

पॅनलमध्ये कंट्रोल आहेत तोवर पहिल्याला डिस्पोज (म्हणजे हँडलसकट नष्ट) करत राहा, असा व्हाइल लूप लिहा. डिस्पोज झालेलं बटण यादीतून आपोआप निघतं, म्हणूनच फॉरईच इथे चालत नाही, चालू यादीच खालून बदलते. त्याहून बरं म्हणजे बटणं एकदाच तयार करायची आणि गट बदलला की टेक्स्ट, टॅग आणि व्हिजिबल तेवढे बदलायचे. लुकलुकणंही कमी होईल.

शोडायलॉगने उघडलेले फॉर्म असतील तर तेही तपासा. शोने उघडलेला साधा फॉर्म बंद केला की डिस्पोज होतो, शोडायलॉगचा होत नाही. त्याला यूझिंगमध्ये (काम संपताच आपोआप डिस्पोज करणाऱ्या ब्लॉकमध्ये) घाला. आत चालू टायमर राहिला असेल तर तो फॉर्म दिसेनासा झाल्यावरही टिक देत राहतो आणि फॉर्मला मेमरीत धरून ठेवतो.

काटा_प्रोजेक्ट:

बटणं एकदाच तयार करण्याचा मार्ग घेतला. आता गट कितीही बदलला तरी आकडा जागचा हलत नाही. थ्रेडएक्सेप्शनच्या लॉगमध्ये मात्र आता एक नवीनच नलरेफरन्स (रिकाम्या संदर्भाचं एक्सेप्शन) दिसतोय, प्रिंटच्या कोडमधला. तो आधीही येत असणार.

आणखी एक. ज्या मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओ नाही तिथे गोठलं तर स्टॅक कसा बघायचा?

मेसेजलूप:

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसवर राइट क्लिक करून 'क्रिएट डंप फाइल' (प्रोसेसच्या मेमरीची त्या क्षणाची प्रत), मग ती फाइल तुमच्या मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओत उघडा. तुमचं ॲप ३२ बिट असेल तर विंडोजच्या सिसवॉव६४ फोल्डरमधला टास्क मॅनेजर चालवून डंप घ्या. नेहमीच्या ६४ बिट टास्क मॅनेजरने घेतलेल्या डंपमध्ये सी शार्पचा स्टॅक धड वाचता येत नाही. आणि दिलेल्या प्रत्येक बिल्डची पीडीबी फाइल (मूळ कोडच्या ओळींशी जोडणारी माहिती) जपून ठेवा, तिच्याशिवाय ओळ क्रमांक मिळणार नाहीत.

नलरेफरन्सचा स्टॅक वेगळ्या धाग्यात टाका, बघतो.