कादंबरीतली वस्तू प्रतीक कधी होते?

वाचक, लातूर
वयात येणाऱ्या पोराच्या कादंबरीत वस्तू दिसली की तिला अर्थ चिकटवायची आपल्याला घाई असते. लाल म्हणजे राग, पांढरं म्हणजे निरागसपण. माझं म्हणणं, वस्तू आधी कामाला लागली पाहिजे. सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय' (1951) मधली लाल शिकारी टोपी बघा. कादंबरीचा नायक होल्डन शाळेच्या तलवारबाजी संघाच्या तलवारी सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेत विसरतो आणि लगेच एक डॉलरला ती टोपी घेतो. पुढे ती बहिणीला, फीबीला देतो. ती रागाने त्याच्या अंगावर फेकते, मग स्वतःच त्याच्या डोक्यावर चढवते आणि पावसात टोपी खरोखर थोडा आडोसा देते. टोपी कुणाच्या हातून कुणाकडे गेली एवढं मांडलं तरी पुरे.

वाचक, परभणी
भाऊ, रंग इतका सहज सोडू नका. वारलेला धाकटा भाऊ ॲली लाल केसांचा, फीबीचेही केस तसेच. टोपी निळी असती तर तेवढाच प्रवास करूनही उणी पडली असती. आणि ॲलीच्या बेसबॉलच्या हातमोज्याला कसलं काम? त्याने आता कुणी खेळत नाही. हिरव्या शाईत कविता लिहिलेला तो मोजा होल्डनच्या सूटकेसमध्ये असतो, बस.

वाचक, लातूर
केसांचं मान्य, ते मी सोडायला नको होतं. पण मोजा नुसता पडून नाही. होल्डनच्या खोलीतल्या सोबत्याला खोलीचं किंवा घराचं वर्णन करणारा निबंध हवा असतो, होल्डन मोज्यावर लिहितो, सोबती चिडतो, होल्डन निबंध फाडतो. भावाचं दुःख तिथे पहिल्यांदा उघडं पडतं.

वाचक, बीड
आपल्या भागातलं बोलायचं तर तिफणीच्या, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजाराच्या, चाड्याइतकी मोलाची वस्तू मला दिसत नाही. चाडं म्हणजे बी सोडायचं लाकडी भांडं. चाड्याला तीन भोकं, खाली तीन नळ्या, त्या माती फाडणाऱ्या फणांपर्यंत. रब्बी ज्वारीचं बी एकरी साधारण 4 किलो. बैलांच्या चालीशी जुळवून मुठीतून दाणे सारखे सोडायचे. मूठ सैल सुटली तर पीक दाट, अडली तर नांग्या, म्हणजे पिकात मोकळ्या जागा. नळीत ओली माती बसली तर अख्खं तास, म्हणजे पेरणीची ओळ, कोरं. आणि चूक त्या दिवशी दिसतच नाही! आठेक दिवसांनी उगवण झाली की बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. पोराच्या हाती पहिल्यांदा मूठ दिली की लेखकाने पेरणी आणि उगवण या दोन प्रकरणांच्या मधे शाळेचं, मैत्रीचं काहीतरी घालावं. मग बापाने रागवायचीही गरज नाही, त्याने त्या कोऱ्या तासाकडे बघितलं तरी खूप.

वाचक, नांदेड
ताई, पटत नाही. आता पेरणी ट्रॅक्टरवर होते. आजच्या पोराच्या हाती चाडं दिलं की कादंबरीवर ग्रामीणपणाचा शिक्का बसतो, पोरगं मागे राहतं. त्याच्या हातात मोबाइल आहे, कोचिंगच्या खोलीची किल्ली आहे. त्यातून लिहा.

वाचक, बीड
किल्ली चालेल की! पण ती हरवू द्या, दुसऱ्याकडे सापडू द्या, एकदा कुलपात अडकू द्या. नुसती खिशात खुळखुळली तर चाड्याची गत काय आणि तिची काय, सारखीच.

वाचक, परभणी
अडकू द्या, पण का अडकली ते पात्राच्या तोंडून वदवू नका. फीबी टोपी चढवताना तिच्या अर्थाबद्दल चकार शब्द बोलत नाही.