वचनाच्या कार्डावर दीर्घायुष्य होतं आणि आजोबा गेले, मुलाला काय सांगू?

नगरची लेक

सर्वांना सलाम. बरेच दिवस लिहू की नको करत होते पण डिसेंबर आला आणि आता टाळता येत नाहीये म्हणून लिहितेच.

आमच्या मंडळीत ३१ डिसेंबरला वॉच नाईटची उपासना असते. बारा वाजता सगळे गुडघ्यावर, आणि प्रार्थना झाली की पाळकसाहेब वचनाच्या कार्डांचा ट्रे घेऊन उभे राहतात, रांगेने जाऊन एकेकाने एक कार्ड उचलायचं आणि ते आपलं वर्षभराचं वचन. मी लहानपणापासून काढत आलेय, आईकडे तर पंचवीस तीस वर्षांची कार्डं बायबलमध्ये ठेवलेली आहेत. मागच्या वेळी माझ्या मुलाने (तेव्हा ९ वर्षांचा) स्वतःचं काढलं आणि परत रांगेत जाऊन आजोबांसाठी पण एक काढलं, कारण बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं आणि थंडीत ते येऊ शकले नव्हते. कार्ड आलं स्तोत्र ९१:१६, दीर्घायुष्य देऊन तृप्त करीन ते. पोरगं इतकं खूश झालं की रात्री एक वाजता त्याने बाबांना उठवून ते वाचून दाखवलं. बाबांनी ते उशीखाली ठेवलं. नंतर प्रत्येक डायलिसिसला जाताना ते शर्टाच्या खिशात असायचं, मुलगा आठवणीने ठेवायचा. आणि रोज संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत तो म्हणायचा, देवा तू लिहून दिलंयस.

बाबा ऑगस्टमध्ये प्रभूघरी गेले. ६८ वर्षांचे होते.

मातीच्या दिवशी तो रडला नाही. आता गेल्या रविवारी संडे स्कूलहून आल्यावर म्हणाला, मम्मी यावर्षी मी कार्ड काढणार नाही, मागच्या वेळी देव खोटं बोलला. मी त्याला काय उत्तर देऊ तेच कळेना, मी फक्त जवळ घेतलं. मंडळीतल्या एक काकू म्हणाल्या की कुटुंबाचा विश्वास कुठेतरी कमी पडला असेल, ते वाक्य मनातून जात नाहीये. खरं सांगायचं तर प्रश्न त्याचा एकट्याचा नाही, माझा पण आहे. देवाची अभिवचनं खरी आहेत असं मी मानते, पण मग ती आपण धरायची कशी? प्रार्थनेत "तू म्हणालायस" असं म्हणायचं की नाही?

विश्वासाने चालणारा

ताई तुमच्या बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं, प्रभू सांत्वन करो. पण मुलाला एक गोष्ट ठामपणे सांगा की देव खोटं बोलत नाही, गणना २३:१९ मध्ये स्पष्ट आहे की देव काही माणूस नाही की त्याने लबाडी करावी. वचन क्लेम करावंच लागतं. आम्हाला लग्नानंतर ११ वर्षं मूल नव्हतं, मूल नसलेल्या हन्नाने देवाकडे मुलगा मागितला ती प्रार्थना, १ शमुवेलची, माझी पत्नी रोज पहाटे वाचायची, सगळ्या रिपोर्टमध्ये नाही म्हणून लिहिलं होतं तरी आम्ही सोडलं नाही आणि आज आमची मुलगी शाळेत जातेय. याकोब पण म्हणतो की संशय न धरता मागा, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा असतो. म्हणून मला वाटतं की वचन धरायचं की नाही ही चर्चासुद्धा मुलासमोर नको, त्याच्या मनात संशयाचं बी पडेल.

ट्रे धरणारा पाळक

नगरची लेक, मी स्वतः गोदावरीकाठच्या एका छोट्या मंडळीत पाळक आहे आणि तो ट्रे गेली १५ वर्षं मीच धरून उभा राहतोय, त्यामुळे तुमची पोस्ट वाचून रात्री नीट झोप लागली नाही.

आधी त्या काकूंचं. एक ९ वर्षांचं पोर परत रांगेत उभं राहून आजोबांसाठी कार्ड आणतं आणि आठ महिने रोज त्यासाठी प्रार्थना करतं, याला जर विश्वास म्हणायचं नाही तर मला माहीत नाही कशाला म्हणायचं. येशूने तर मोहरीच्या दाण्याएवढा मागितला होता. ते वाक्य तुम्ही मनातून काढून टाका, ते देवाकडून आलेलं नाही.

आता कार्डाचं. चूक आमची आहे, पाळकांची. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही वचनं निवडून छापायला देतो आणि निवडताना गोड तेवढीच निवडतो. जगात तुम्हाला क्लेश होतील पण धीर धरा मी जगाला जिंकलंय, योहान १६:३३, हेसुद्धा येशूने स्वतःच्या तोंडाने दिलेलं अभिवचनच आहे की नाही? मी ते एकदाही पूर्ण छापलेलं नाही. धीर धरा एवढाच तुकडा छापलाय. तुमच्या मुलाच्या हातात स्तोत्र ९१ चं सोळावं वचन आलं, त्याच्या बरोब्बर आधीचं पंधरावं वाचा. तिथे देव म्हणतो की संकटाच्या वेळी मी त्याच्याजवळ राहीन. म्हणजे हे स्तोत्र ज्याला दिलंय त्याच्यावर संकट येणार हे देवाने धरलेलंच आहे, येणारच नाही असं तो म्हणत नाहीये. कार्डावर जागा एका ओळीची, त्यामुळे पंधरावं बाहेर राहिलं.

आणखी एक गोष्ट जी मला स्वतःला फार उशिरा लक्षात आली. सुवार्तेत हेच स्तोत्र वापरून येशूकडे कोण येतं? मत्तय ४ मध्ये सैतान. मंदिराच्या शिखरावरून उडी मार, लिहिलंय ना की दूत तुला हातांवर झेलतील. वचन खरं होतं, शब्दही बरोबर होते, पण ते आजूबाजूच्या ओळींतून उचलून "चल आता कर बघू" म्हणून समोर ठेवलं होतं आणि येशूने ते तसं घेतलं नाही. त्याच येशूला स्तोत्र ९१ तोंडपाठ असणार आणि तो तिशीतच वधस्तंभावर गेला. दीर्घायुष्याचा अर्थ फक्त वर्षं असता तर पहिल्यांदा त्याच्याच बाबतीत वचन मोडलं असं म्हणावं लागेल. मला वाटतं ते तिसऱ्या दिवशी पूर्ण झालं. आणि तुमच्या बाबांचंही तसंच होणार अशी आपली आशा आहे, पण हे दहा वर्षांच्या मुलाला पहिलं उत्तर म्हणून देऊ नका, त्याला आजोबा इथे हवे होते आणि ते नाहीत हे आधी मान्य करा.

चिठ्ठी काढून वचन घेण्याची पद्धत कुठून आली याचाही मी शोध घेतला होता. जर्मनीत हेर्नहूट नावाच्या गावी मोरावियन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची वस्ती होती, तिथे १७२८ पासून रोज एक वचन घरोघर सांगायची पद्धत पडली आणि १७३१ पासून ती छापील पुस्तकात यायला लागली, अजूनही दरवर्षी तिथे वचनं चिठ्ठ्यांनीच काढतात. पण ते त्या दिवसाचं सगळ्या मंडळीचं वचन. अमक्याचं आजारपण, तमक्याची नोकरी असं नाही. सगळे मिळून एकच वचन दिवसभर मनात घोळवायचे. आपल्याकडे ते प्रत्येकाचं भविष्य झालं, आणि तिथेच गडबड झाली असं माझं मत आहे.

विश्वासाने चालणारा भाऊ, तुमच्या मुलीबद्दल प्रभूची स्तुती असो, मनापासून. पण हन्नाला शमुवेल मिळाला म्हणून प्रत्येक हन्नाला मिळेल असं तिथे लिहिलेलं नाही. माझ्या मंडळीत दोन बहिणी आहेत ज्यांनी तुमच्या पत्नीइतक्याच पहाटे प्रार्थना केल्या. त्यांच्या डोळ्यात बघून मी लाटेचं वचन वाचू शकत नाही.

वसईची मावशी

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे कार्ड नसतं, पण स्तोत्र ९१ आहे. आमच्या फादरांनी सांगितलं होतं की मठांमध्ये शेकडो वर्षं हे झोपायच्या आधीच्या रात्रीच्या प्रार्थनेत म्हणत आलेत. अंधार पडल्यावर म्हणायचं स्तोत्र. माझी आई शेवटी कोणालाच ओळखत नव्हती तेव्हा मी हेच तिच्या कानात म्हणायचे. वाचव म्हणून नाही, तिला एकटं वाटू नये म्हणून. तुझ्या लेकाने आजोबांच्या खिशात तेच ठेवलं होतं बाळा, त्याला सांग की ते वाया नाही गेलं.

मस्कतहून

पाळकांनी छान लिहिलंय. मी माझं सांगतो. माझ्या फ्रिजवर यिर्मया २९:११ चा मॅग्नेट होता, हिताचे संकल्प, आशा देणारे, ते. इथली नोकरी गेली तेव्हा मी रोज त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करायचो आणि दर गुरुवारी वाटायचं आज मेल येणार. चौदा महिने गेले. शेवटी चिडून अख्खा अध्याय वाचला आणि मागचा २८ वा पण, तेव्हा कळलं की मी बोलतोय कशाबद्दल.

ते बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे, इ.स.पू. ५९७ ला नेलेले लोक. त्याच सुमारास यरुशलेमेत हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत होता की दोन वर्षांत सगळं परत येईल, आणि लोकांना तेच आवडणार ना, मलापण आवडलं असतं. यिर्मया मात्र लिहितो की ७० वर्षं. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहरासाठी प्रार्थना करा. अकरावं वचन या सगळ्याच्या नंतर येतं! म्हणजे ज्यांच्यासमोर हे पत्र पहिल्यांदा वाचलं गेलं त्यातल्या मोठ्या माणसांना परत जायला मिळणारच नव्हतं, आणि तरी देव त्यांना म्हणतो की माझे संकल्प हिताचेच आहेत. हे वाचून मला आधी राग आला आणि मग का कोण जाणे हलकं वाटलं, कारण मी दोन वर्षांवाला हनन्या फ्रिजला चिकटवला होता आणि त्याला यिर्मया म्हणत होतो.

आणि ताई तुमचा दुसरा प्रश्न, प्रार्थनेत "तू म्हणालायस" म्हणायचं का, तर नक्की म्हणायचं. दानीएल ९ बघा. म्हातारा दानीएल यिर्मयाचं लिखाण वाचतो, ७० वर्षं हा आकडा बघतो, आणि वचन दिलंयच तर होईल म्हणून गप्प बसत नाही, उपास करून, गोणपाट नेसून, राखेत बसून प्रार्थना करतो. मी त्याच्यानंतर शहरासाठी प्रार्थना करायला लागलो, म्हणजे अक्षरशः मस्कतसाठी, बिल्डिंगच्या वॉचमनसाठी, ज्या ऑफिसने काढलं तिथल्या लोकांसाठी. नोकरी नंतर लागली, आधीपेक्षा कमी पगाराची. मॅग्नेट अजून आहे, पण आता बाजूला कागदावर पाचवं ते सातवं वचन लिहून लावलंय.

दौंड लाईन

माझी पणजी केडगावच्या मुक्तीमध्ये, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, वाढलेली त्यामुळे आमच्या घरात त्यांच्या गोष्टी लहानपणापासून. रमाबाईंना आपण सांगतो ते सगळं कसं पुरवलं गेलं म्हणून, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि त्यांना जेवायला मिळालं वगैरे, आणि ते खरंच आहे. पण दुसरी बाजू कोणी उपासनेत सांगत नाही. आईवडील आधीच्या दुष्काळात गेले, १८८० ला भाऊ गेला, १८८२ ला नवरा, आणि एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्यावर पुढचं सगळं काम सोपवायचं होतं, ती १९२१ ला आईच्या आधी गेली. आणि या बाई तेव्हा काय करत होत्या तर बायबलचं साध्या मराठीत भाषांतर. मी नेहमी विचार करते की मनोरमा गेल्यानंतर रमाबाई त्या पानांकडे परत कशा वळल्या असतील, जिथे दर दोन पानांवर देव काहीतरी वचन देतोय. एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. त्यांचा विश्वास कमी पडला असं केडगावात जाऊन कोणी म्हणून दाखवावं.

इब्री ११ मध्ये पण आहे ना, हे सगळे विश्वासात मेले, वचनांची फळं हातात आली नव्हती, दुरून बघून त्यांनी त्यांना सलाम केला. दुरून सलाम, मला तो शब्द फार आवडतो.

विश्वासाने चालणारा

पाळकसाहेब, दोन दिवस विचार करत होतो. लाटेचं वचन मी ताईंना लिहायला नको होतं, माफ करा ताई. पण मला एक कळत नाही. असं सगळं म्हटलं तर मग मागायचं कसं? प्रत्येक वेळी "तुझी इच्छा असेल तर" जोडलं की मला ते मनापासून मागितल्यासारखं वाटत नाही, आधीच पळवाट ठेवल्यासारखं वाटतं.

ट्रे धरणारा पाळक

भाऊ हा प्रश्न खरा आहे, माझाही आहे. मला गेथशेमाने बागेचा, वधस्तंभाच्या आदल्या रात्रीचा, आधार वाटतो. तिथे येशू आधी स्पष्ट मागतो, हा प्याला माझ्यावरून टळू दे, तीनदा मागतो, घाम गाळून मागतो. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो हे त्याच्यानंतर येतं, मागण्याच्या ऐवजी येत नाही. आपण बऱ्याचदा पहिलं वाक्य गिळून थेट दुसऱ्यावर जातो आणि मग ती पळवाट होते. तुमच्या पत्नीने अकरा वर्षं पहिलं वाक्य म्हटलं, ते बरोबरच केलं.

ताई, मुलाला चिडायची पण परवानगी द्या. लाजर मेल्यावर मार्था येशूला तोंडावर म्हणाली की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तो तिला रागावला नाही. आणि थोड्या वेळाने, लाजरला आपण उठवणार हे माहीत असूनही, तो रडला.

नगरची लेक

सगळ्यांचे खूप आभार, प्रत्येकाचं दोनदोनदा वाचलं. मावशी तुमचं वाचून मी ओट्याशी उभी राहून रडले.

काल रात्री मी आणि मुलगा बाबांचं जुनं बायबल घेऊन बसलो. मी त्याला आधी एवढंच म्हटलं की मला पण राग आलाय, मला पण आजोबा हवे होते. मग मार्थाची गोष्ट वाचली. तो म्हणाला, मग येशूने आजोबांना का नाही उठवलं. मी म्हटलं मला माहीत नाही. नंतर स्तोत्र ९१ काढलं तर तिथे ते कार्ड होतं, बाबांनी कधी ठेवलं आम्हाला माहीत नाही, आणि पंधराव्या वचनाखाली पेन्सिलने रेघ मारलेली होती. सोळाव्याखाली नव्हती. मी काहीच बोलले नाही, त्यानेच बोट ठेवून वाचलं आणि विचारलं की मशीनच्या खोलीत आपल्याला आत सोडायचे नाहीत तेव्हा पण का? मी म्हटलं हो, तेव्हा पण.

कार्ड त्याने परत तिथेच ठेवलं. ३१ ला तो रांगेत जाईल की नाही मला माहीत नाही, मी विचारणार नाहीये. पाळकसाहेब, जमलं तर यावर्षी पंधरावं छापा.