यूट्यूब असताना जपानमध्ये निकोनिको कसे रुजले?

रानवारा
जपानी भाषेच्या वर्गात आम्हाला निकोनिको या संकेतस्थळावरचे काही जुने व्हिडिओ दाखवण्यात आले. चित्रावरून उजवीकडून डावीकडे अक्षरांच्या ओळी धावत होत्या आणि गाणे संपताच सगळा पडदा ‘८८८८८’ अशा आकड्यांनी भरून गेला. हे संकेतस्थळ डिसेंबर २००६ मध्ये सुरू झाले, तेव्हा यूट्यूबने चांगलाच जम बसवलेला होता. मग लोक इकडे का वळले आणि इथेच का रमले, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

दीपमाळ
आठला जपानीत ‘हाची’ म्हणतात आणि टाळ्यांच्या आवाजाला ‘पाचिपाचि’. म्हणून आठांची रांग म्हणजे टाळ्यांचा कडकडाट. आपल्या प्रश्नाचे उत्तरही मला त्यातच दिसते. इथे प्रतिक्रिया व्हिडिओखाली जाऊन पडत नाही, तर व्हिडिओच्या ज्या क्षणी लिहिली त्याच क्षणी पडद्यावर झळकते. त्यामुळे कोणी तो मध्यरात्री पाहो, कोणी तीन महिन्यांनी, सर्वांच्या टाळ्या एकाच सुरावर पडतात आणि खोलीत एकट्याने बसलेल्या माणसाला भरल्या नाट्यगृहात बसल्यासारखे वाटते. यूट्यूबवर प्रेक्षक कितीतरी अधिक होते, पण ते असे मांडीला मांडी लावून बसलेले नव्हते.

सुरुवातीला तर व्हिडिओही निकोनिकोचे स्वतःचे नव्हते, यूट्यूबच्याच व्हिडिओंवर या प्रतिक्रिया उमटत. फेब्रुवारी २००७ मध्ये यूट्यूबने ती वाट बंद केली, तेव्हा निकोनिको चालवणाऱ्या ड्वांगो समूहाने स्वतःचे सर्व्हर उभारून मार्चमध्ये पुन्हा दार उघडले आणि क्षमता बेताची असल्यामुळे सभासदांना नोंदणीच्या क्रमाने, थोडेथोडे करून आत घेतले.

शिंपला
दीपमाळ यांच्याशी सहमत आहे, परंतु नुसत्या प्रेक्षकांचा समाज होत नाही, त्यात करणारे हातही लागतात. ३१ ऑगस्ट २००७ रोजी साप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीने ‘हात्सुने मिकू’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. त्यात शब्द आणि सूर भरले की संगणक एका मुलीच्या आवाजात गातो. एकाने चाल रचावी, दुसऱ्याने त्यावर चित्र काढावे, तिसऱ्याने तेच गाणे स्वतःच्या गळ्यातून गावे आणि चौथ्याने त्यावर नाचावे, अशी साखळी निकोनिकोवर सुरू झाली. व्हिडिओला जोडलेले ओळखीचे शब्द, म्हणजे टॅग, बदलण्याची मुभा प्रेक्षकांनाही असल्यामुळे अनेक संगीतकारांची टोपणनावे प्रेक्षकांनीच ठेवली. आज जपानभर गाजणारे गायक-संगीतकार योनेझू केन्शी २००९ पासून ‘हाची’ या नावाने आपली गाणी इथेच चढवत होते. क्रिप्टनने हौशी कलावंतांना मिकूचे, म्हणजे त्या आवाजाच्या काल्पनिक गायिकेचे, चित्र विनासायास वापरू दिले, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. हक्कांचा बडगा उगारला असता तर ही साखळी पहिल्याच कडीपाशी तुटली असती.

रानवारा
दोघांचेही मनापासून आभार. मग पुढे ओहोटी का लागली?

दीपमाळ
फुकट पाहणाऱ्यांना गर्दीच्या वेळी धूसर चित्रावर समाधान मानावे लागे, आणि अन्यत्र स्पष्ट चित्र विनामूल्य मिळू लागल्यावर ती अडचण अधिकच बोचू लागली. २०१६ नंतर दरमहा पैसे भरणारे सभासदही घटत गेले. जून २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे संकेतस्थळ बंद पडले आणि ते ५ ऑगस्टला परतले. मधल्या काळात कर्मचाऱ्यांनी काही दिवसांतच एक तात्पुरती आवृत्ती उभी केली. तिच्यावर २००७ च्या सुमाराचे मोजकेच व्हिडिओ होते, तरीही लोक तिथे जमले आणि सतरा वर्षांपूर्वीच्या त्या चित्रांवरून नव्या प्रतिक्रिया धावू लागल्या.