एक्सलिबमध्ये डिस्प्लेची जोडणी दर वेळी नवी उघडावी की एकच शेवटपर्यंत ठेवावी?

प्रश्न

नमस्कार. कोणतेही टूलकिट न वापरता थेट एक्सलिबवर (पडदा सांभाळणाऱ्या एक्स सर्व्हरशी बोलणारी लायब्ररी), सी भाषेत लिहिलेला एक लहान प्रोग्राम माझ्याकडे देखभालीसाठी आला आहे. वापरकर्त्याने बराच वेळ माऊस किंवा कीबोर्डला हात लावला नाही, तर पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी दाखवणे एवढेच त्याचे काम आहे. निष्क्रिय वेळ काढणारे फंक्शन दर पाच सेकंदांनी चालते. ते स्वतः एक्सओपनडिस्प्ले करते (म्हणजे सर्व्हरशी नवी जोडणी उघडते), एक्सस्क्रीनसेव्हरक्वेरीइन्फोने वेळ विचारते आणि परत येते. प्रोग्राम सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी कोणताही नवा अनुप्रयोग उघडेनासा होतो आणि टर्मिनलवर ‘मॅक्झिमम नंबर ऑफ क्लायंट्स रीच्ड’ असा संदेश येतो. आमचा प्रोग्राम बंद केला की सारे पूर्ववत होते. फंक्शनच्या शेवटी एक्सक्लोजडिस्प्ले लिहिणे पुरेसे आहे, की रचनाच बदलावी?

उत्तर १

एक्सक्लोजडिस्प्ले लिहिल्याने उघड्या जोडण्यांची गळती थांबेल, पण रचना बदलणेच योग्य.

प्रत्येक एक्सओपनडिस्प्ले म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने एक स्वतंत्र क्लायंट (सेवा घेणारा) असतो, मग तो एकाच प्रक्रियेतून आलेला का असेना. एक्स.ऑर्ग सर्व्हरची मूळ मर्यादा २५६ क्लायंटची आहे आणि त्यातली एक जागा खुद्द सर्व्हरची असते. पाच सेकंदांना एक या वेगाने उरलेल्या जागा भरायला आपण सांगता तेवढाच वेळ लागेल. प्रक्रियेसाठी उघड्या फाइल डिस्क्रिप्टरची (उघडी फाइल किंवा जोडणी ओळखणाऱ्या क्रमांकांची) मर्यादा सहसा १०२४ असते, त्यामुळे आपल्या प्रोग्रामला स्वतःला काहीच जाणवत नाही आणि अडचण इतरांची होते. प्रोग्राम संपताच कर्नल त्याचे सगळे सॉकेट (जोडणीची टोके) बंद करतो, सर्व्हर त्या जागा मोकळ्या करतो, म्हणून सारे पूर्ववत झालेले दिसते.

सर्व्हर सुरू करताना ही मर्यादा २०४८ पर्यंत वाढवता येते, पण इथे तो उपाय नव्हे. खिडक्या, पिक्समॅप (स्मृतीतील चित्रे) वगैरेंना दिल्या जाणाऱ्या क्रमांकांसाठी एकूण २९ बिट असतात आणि त्यांतूनच क्लायंटची ओळखही भागवावी लागते. २५६ क्लायंट असताना प्रत्येकाच्या वाट्याला २१ बिट येतात, २०४८ केल्यास १८ उरतात.

उघड-बंद करत राहणेही फुकट नसते. दर वेळी सॉकेट जोडणे, अधिकारपत्राची कुकी दाखवणे, पडदे आणि व्हिज्युअल (रंग मांडण्याच्या पद्धती) यांची सगळी माहिती पुन्हा मागवणे, विस्तारांची चौकशी करणे असा पूर्ण सोपस्कार होतो. एसएसएचमधून दूरच्या यंत्रावरचा प्रोग्राम चालवला की हा विलंब डोळ्यांना दिसतो. मेनमध्ये जोडणी एकदाच उघडावी, डिस्प्लेचा पॉइंटर त्या फंक्शनला द्यावा आणि मेनच्या अखेरीस जोडणी बंद करावी. ज्या फंक्शनने जोडणी उघडली नाही, त्याने ती बंद करू नये.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. त्याप्रमाणे बदल केला आणि मूळ अडचण गेली. मात्र आता खिडकीवरील बटणावर केलेली क्लिक कधी कधी तशीच पडून राहते आणि माऊस हलवल्यावरच तिची दखल घेतली जाते. मुख्य लूपमध्ये कनेक्शननंबरने मिळालेल्या डिस्क्रिप्टरवर पोल केले आहे (म्हणजे काही येईपर्यंत प्रोग्राम थांबतो), टाइमरचा डिस्क्रिप्टरही त्याच यादीत आहे आणि टाइमर वाजला की निष्क्रिय वेळ विचारली जाते.

उत्तर २

पोलला फक्त सॉकेट दिसतो, एक्सलिबची अंतर्गत रांग दिसत नाही. गोम इथेच आहे. आपण निष्क्रिय वेळ विचारता तेव्हा एक्सलिब उत्तराची वाट पाहत सॉकेटमधून जे येईल ते वाचते. त्या उत्तराच्या आधी क्लिकचा इव्हेंट आलेला असेल, तर तो उचलून ती स्वतःच्या रांगेत ठेवते. आता सॉकेट रिकामा आहे, इव्हेंट रांगेत आहे आणि आपण थेट पोलमध्ये जाऊन झोपता. पूर्वी चौकशीची जोडणी वेगळी होती, म्हणून हा प्रसंग येत नव्हता.

पोलला जाण्याआधी, दर फेरीत, एक्सपेंडिंग शून्य देईपर्यंत एक्सनेक्स्टइव्हेंटने रांग उपसावी. एक्सपेंडिंगला आधीच रांगेत काही सापडले नाही, तर साचलेल्या विनंत्या ते सर्व्हरकडे पाठवूनही देते, त्यामुळे वेगळ्या एक्सफ्लशची गरज पडत नाही. जागोजागी एक्ससिंक (सर्व्हरने सगळ्या विनंत्या हाताळेपर्यंत थांबणारे फंक्शन) पेरून हा दोष जाणार नाही, उलट वाढेल. कारण एक्ससिंकही उत्तराची वाट पाहताना इव्हेंट रांगेत टाकतेच.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. तरी ‘एकच जोडणी’ हा नियम सरसकट लावू नये असे माझे मत आहे. पुढे ही चौकशी वेगळ्या थ्रेडमध्ये (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या धाग्यात) नेणार असाल, तर त्या थ्रेडला स्वतःची दुसरी जोडणी द्यावी. एकच जोडणी दोन थ्रेडमध्ये वापरायची झाल्यास एक्सलिबच्या फंक्शनांपैकी एक्सइनिटथ्रेड्स हेच सर्वांत आधी चालवावे लागते. २०२२ च्या लिबएक्स११ १.८ पासून ते आपोआप होते, पण जुनी आवृत्ती असलेली यंत्रे अजून वापरात आहेत.

दोन जोडण्या ठेवताना एवढे ध्यानात असावे की खिडकीचा क्रमांक संपूर्ण सर्व्हरभर चालतो, म्हणून एका जोडणीने केलेल्या खिडकीवर दुसरी जोडणी काम करू शकते. क्रमाची हमी मात्र प्रत्येक जोडणीपुरतीच असते. पहिल्या जोडणीवर एक्ससिंक करण्याआधीच तो क्रमांक दुसरीवर वापरला, तर खिडकी अस्तित्वात येण्यापूर्वी विनंती पोहोचून बॅडविंडो ही त्रुटी येऊ शकते आणि त्रुटीसाठी स्वतःचा हँडलर लावलेला नसेल तर प्रोग्राम तिथेच संपतो. जिने खिडकी निर्माण केली ती जोडणी बंद झाली की खिडकीही जाते. क्लोजडाउन मोड (जोडणी बंद झाल्यावर तिच्या वस्तूंचे काय करायचे ते ठरवणारी मांडणी) बदललेला असेल तरच ती राहते.

प्रश्नकर्ता

एक्सपेंडिंगच्या बदलाने क्लिकची अडचण सुटली. एक शेवटची शंका आहे. सूचनेचा आवाज वाजवण्यासाठी हा प्रोग्राम फोर्क करून (स्वतःची प्रत, म्हणजे अपत्य प्रक्रिया, बनवून) दुसरी आज्ञा चालवतो. अपत्य प्रक्रियेत एक्सक्लोजडिस्प्ले करावे का?

उत्तर २

कदापि करू नये. फोर्कनंतर दोन्ही प्रक्रियांकडे तोच सॉकेट असतो आणि एक्सक्लोजडिस्प्ले केवळ डिस्क्रिप्टर बंद करून थांबत नाही, तर आधी सर्व्हरशी बोलते. त्या बोलण्याने सर्व्हरकडील विनंत्यांची मोजणी पुढे सरकते, मूळ प्रक्रियेच्या एक्सलिबला याचा पत्ता नसतो आणि पुढे येणाऱ्या उत्तरांचा मेळ बसत नाही. जोडणीवर क्लोज-ऑन-एक्झेक (एक्झेकने दुसरी आज्ञा सुरू होताच डिस्क्रिप्टर बंद व्हावा) ही खूण एक्सलिब स्वतःच लावते, म्हणून फोर्कपाठोपाठ एक्झेक होत असेल तर काहीच करावे लागत नाही. एक्झेक फसल्यास अपत्याने एक्झिटऐवजी अंडरस्कोर-एक्झिट वापरावे, म्हणजे अॅटएक्झिटमध्ये (बाहेर पडताना चालायच्या फंक्शनांच्या यादीत) कुणी एक्सक्लोजडिस्प्ले नोंदवून ठेवले असले तरी ते अपत्यात चालणार नाही.